पहिलं बाक

पाचव्या बाकावरून फळ्यावरच्या तीन आणि आठ यांत फरक कळत नाही, अशी तक्रार उच्च माध्यमिकच्या तिसऱ्या, शेवटच्या वर्षाच्या विज्ञान वर्गातल्या केकेली आमेनुव्होर हिने माझ्याकडे केली. पाचवं बाक फळ्यापासून पाच मीटर चाळीस सेंटिमीटरवर आहे. मी स्वतः मोजलं. तिला नर्सिंगला जायचं होतं, अंतिम परीक्षा चार महिन्यांवर आली होती, आणि मागच्या चाचणीत तिने आठ किलोचा दगड तीन किलोचा धरून गणित अगदी बिनचूक सोडवलं होतं. शून्य गुण.

पदवीनंतरची वर्षभराची राष्ट्रीय सेवा म्हणून मी इथे भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात मुलं उंचीप्रमाणे बसतात, हा नियम माझ्याआधीचा. सुदैवाने गेल्या सत्रापासून शाळेत विद्यार्थी साहाय्य केंद्र सुरू झालं आहे. त्याच्या अकरा सेवांची यादी हेडमास्तर त्सिकुडो यांच्या दारावर लावलेली आहे, बारीक अक्षरात.

"तू केंद्रात जा," मी म्हणालो.

"प्लीज सर, मला फक्त पुढे बसू—"

"तेच ते. त्यासाठीच केंद्र काढलंय."

केंद्राच्या प्रमुख मॅडम डोग्बे संस्कारी बाई आहेत. आमच्याकडे उभ्या पाहुण्याला 'का आलात' असं कुणी विचारत नाही. आधी बसायला द्यायचं, मग पाणी, मग ख्यालीखुशाली, आणि त्यानंतर येण्याचं कारण. केंद्रात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मॅडम होत्या. केकेली मधली सुट्टी संपेपर्यंत उभी राहिली. मॅडमनी तिच्याकडे अत्यंत मायेने पाहिलं आणि काहीही विचारलं नाही.

"पोर उभी होती हो, हेडमास्तर," त्या नंतर कळवळून म्हणाल्या. "मी कुठल्या तोंडाने विचारणार?"

"खरंय. बाक हवं."

केंद्राला सर्वांत जवळचा वर्ग आमचा, आणि वर्गात दाराला सर्वांत जवळचं बाक पहिलं. ते गेलं. त्यावरची मुलं बुटकी असल्यामुळे नियमानुसार दुसऱ्या बाकावर आली, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर, आणि केकेली सहाव्यावर. राहिलेली बाकं पुढे ओढावीत, तर प्रत्येकाची जागा जमिनीवर पांढऱ्या रंगाने आखलेली. हलवायची तर भांडारपालाची सही लागते, आणि ती सही केंद्रासाठी राखून ठेवलेली. सहा मीटर तीस. आता केकेलीला पाच आणि सहाही सारखेच दिसू लागले.

दुसऱ्या खेपेला केंद्रात बसायला बाक होतं. पिण्याच्या पाण्याची थंडगार पिशवीही मिळाली.

"प्लीज मॅडम, मला फळा—"

"अगं थांब! मोठ्यांपुढे स्वतःच बोलतात का? सोबत बोलणारं कुणी नाही आणलंस?"

केकेलीने मैत्रिणीला, यायराला, बोलावलं. यायराचे आजोबा गावप्रमुखाच्या दरबारी त्याच्या वतीने बोलणारे, म्हणजे जीभ घरचीच. मग मॅडमनाही आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून कारकून सेलासीकाका आले. शाळेचा पाहुणा दाटीवाटीने बसवायचा नाही, म्हणून आमच्या वर्गातलं आणखी एक बाक आलं. केकेली सातव्यावर गेली. सातव्याच्या मागे भिंत आहे.

मी हजर होतो. चौघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होती.

"सांग, मला फळा दिसत नाही," केकेली यायराच्या कानात म्हणाली.

यायरा उठली. एवढी साधी गोष्ट एवढ्या मोठ्या माणसांपुढे तशीच मांडणं तिला अपमानाचं वाटलं. "काका, आमच्या बहिणीच्या वाटेवर धुकं उतरलंय. पुढचं काही उमगत नाही."

सेलासीकाका मॅडमकडे वळले. "मॅडम, पोरीला पुढची वाट दिसेना झालीय."

"अगं बाई!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "सेवा क्रमांक चार. भवितव्य मार्गदर्शन."

"अगं, फळा म्हण ना," केकेली कुजबुजली.

"गप गं. किती छान चाललंय," यायरा म्हणाली.

सेवा क्रमांक चारच्या सहा बैठका झाल्या. त्या भौतिकशास्त्राच्या तासालाच असत, कारण मॅडम तेव्हाच मोकळ्या असत. सहाव्या बैठकीत केकेलीला कळलं, की तिने नर्सिंगला जावं. त्यासाठी भौतिकशास्त्र सुधारायला हवं.

मग जिल्ह्याहून तपासनीस येणार असल्याचं पत्र आलं. केंद्रात एकच प्रकरण होतं आणि तेही प्रलंबित. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी त्यांनी रीत मोडली आणि केकेलीला थेट विचारलं, "पोरी, एका शब्दात सांग. तुला हवंय काय?"

"प्लीज सर, पहिलं बाक."

हेडमास्तरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सेलासीकाकांकडे पाहिलं. "पहिलं बाक तर आपल्याकडेच आहे की!" काका म्हणाले.

त्याच दुपारपासून केकेली भौतिकशास्त्राच्या तासाला केंद्रात, पहिल्या बाकावर बसू लागली. मागणी शब्दशः पूर्ण झाली. तपासनिसांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं, फोटो काढला, आणि आणखी चार शाळांत केंद्रं उघडण्याची शिफारस केली. जिल्हा रुग्णालयात डोळे तपासायला तिला केंद्राचं पत्र हवं होतं. पण प्रकरण प्रलंबित असताना पत्र देता येत नाही आणि निकाली निघाल्यावर त्याची गरज उरत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेलो. तिने मला शेजारी बसायला दिलं. पाणी दिलं. घरचे कसे आहेत विचारलं. मग म्हणाली, "इकडे सगळं शांत आहे. सर, तुमचं कसं येणं झालं?"

माझ्या सोबत बोलणारं कुणी नव्हतं.

"प्लीज सर," तीच शेवटी म्हणाली, "तुम्ही अक्षर जरा मोठं काढलं असतं, तरी चाललं असतं."

सूचना मला शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष वाटली. मी ती लगेच लिहून सेवा क्रमांक नऊच्या, म्हणजे सूचनांच्या, पेटीत टाकली.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे आम्हाला पहिल्या परिच्छेदातच सुचलं होतं. सुचलं असणारच. मग बोलला का नाहीत? की तुमच्याही सोबत बोलणारं कुणी नव्हतं?