वाया न घालवलेलं पीठ

माझ्या हातून आजवर चिमूटभर पीठ वाया गेलेलं नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते! केक बसला तर त्याचा चुरा करून वर चॉकलेट ओतते. पावाचा दगड झाला तर त्याचे काप भाजते. घरबसल्या केक-पावाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईचा हात असाच हवा. आमचे बुवा कीर्तनात सांगतात, माणूस फुगला की देव सुई शोधायला लागतो. मी मान डोलावून ऐकते. माझ्याबद्दल बोलतायत असं मला कधी वाटलं नव्हतं!

तर ऐका. चिमी माझी धाकटी बहीण. बायकांच्या कपड्यांच्या दुकानात चौदा वर्षं समोरच्या काउंटरवर. ती नुसते कपडे विकत नाही, बाई घडवते! "हा रंग तुम्हाला आजारी दाखवतो," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, आणि ती बाई रागावायच्या ऐवजी दुसऱ्या रंगाचे दोन घेऊन जाते.

पाच महिन्यांपूर्वी कॅन्सरपायी डॉक्टरांनी चिमीचा डावा स्तन काढला. मी सरळ सांगते, कारण घरात कुणी सरळ सांगत नव्हतं. आमचे हे "तिचं ते" म्हणायचे आणि छताकडे बघायचे. केस गेले, आता कुठे बोटभर आलेत. दुकानात एवढंच माहीत होतं की मोठं आजारपण झालं.

मग मालकीणबाईंचा फोन आला. "सोमवारी दहाला ये. पण आपला धंदा दिसण्याचा आहे गं. पूर्वीसारखी दिसलीस तर समोर, नाहीतर आतल्या खोलीत काजं-बटणं आहेतच."

आतल्या खोलीला खिडकी नाही. एक टेबल, एक ट्यूबलाइट आणि समोर भिंत.

"ताई," चिमी म्हणाली, "पाच महिने मी भिंतीकडे बघत पडले होते. परत भिंतीकडे तोंड करून बसवलं ना, तर मी उठायची नाही."

"असं अभद्र बोलू नकोस!"

"आणि कुणाला कळता कामा नये. बायकांनी माझ्या तोंडाकडे बघायला हवं. एकदा कळलं की नजर खालीच जाते."

डावीकडे घालायचा तयार भाग मागवला होता, पण तो येणार गुरुवारी. आणि बोलावणं सोमवारचं!

"मी आहे ना!" मी म्हणाले. मंडळी, आमच्या घरातली अर्धी संकटं याच तीन शब्दांनी सुरू होतात.

कापडाची छोटी खोळ शिवली. आधी कापूस भरला. कापूस हलका, दहा पावलांत चढत चढत गळ्याशी आला! मग मोहरी भरली. वजन छान, पण चिमी चालली की खुळखुळा! आमचे हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "कुणाचं बाळ आलंय का गं?"

आणि तेव्हा माझी नजर ओट्यावर गेली. आदल्या दिवशी यीस्ट घालून मळलेला पावाचा गोळा रात्रभर तसाच पडला होता. फुगणं सोडाच, हूं की चूं नाही. पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसासारखा गार, निपचित. यीस्टची तारीखही उलटलेली. मी त्याला मृत घोषित केला होता, पण टाकवत नव्हता. टाकायचा कशाला? मऊ, जड, दाबला की हळूच वर येणारा! वजनकाट्यावर तीनशे चाळीस ग्रॅम तोलला, पातळ प्लास्टिकमध्ये बांधला, खोळीत घातला.

चिमीनं दाराआड जाऊन लावून पाहिला. मग म्हणाली, "ताई, तसंच आहे गं. अगदी तसंच."

मी देवाला हात जोडले आणि स्वतःलाही थोडे जोडले.

सोमवारी ती गडद निळा शर्ट, त्यावर आखूड जाकीट आणि गळ्यात फिका स्कार्फ घालून निघाली. आखूड केसांना असे मोठे कानातले घातले की बघणाऱ्याला वाटावं, हौसेनंच कापलेत! मालकीणबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या. भाजी घेताना वांगं फिरवून बघतात, तशा.

"बरी दिसतेस. राहा समोर. आज दिवसभर बघते."

इथे मी घरी जायला हवं होतं! पण मी दुकानातल्यांसाठी केक आणला होता. तो खाऊन कुणी "वा" म्हणेपर्यंत माझा पाय निघत नाही. बसले स्टुलावर. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून आत दोन हीटर रोरावत होते.

अकराच्या सुमाराला बँकेतल्या एक बाई आल्या, चिमीचं जुनं गिऱ्हाईक. ऑफिसात रोज घालायचे कपडे हवे होते. चिमी रंगात आली! "पट्टा नको, कंबर तुटते. शर्ट बाहेर सोडा. हा मातकट रंग घ्या, बघा चेहरा कसा उजळतो!" माझा जीव सुपाएवढा झाला. आणि मग मला दिसलं.

आधी वाटलं, दिव्याचा खेळ असेल. पण चिमी दुसऱ्या दिव्याखाली गेली तरी डावी बाजू उजवीच्या पुढेच! मंडळी, यीस्ट मेलं नव्हतं! गारठून झोपलं होतं! चिमीच्या अंगाची ऊब लागली, वर दोन हीटर, आणि ते डोळे चोळत उठून बसलं होतं!

मी लांबूनच दोन्ही गाल फुगवून, हात पसरून खूण केली. चिमीला वाटलं, ताई म्हणतेय ताठ उभी राहा. तिनं छाती आणखी पुढे काढली!

"हिचे कानातले तुटलेत वाटतं," असं काहीतरी पुटपुटत मी तिला कपड्यांच्या रांगेमागे ओढली.

"चिमे, ते फुगतंय!"

"काय फुगतंय?"

"पीठ!"

"तू मेलंय म्हणालीस ना!"

"मला तसं वाटलं!"

"वाटलं? ताई, माझ्या अंगावर आहे ते!"

बरोबरी करायला मी विक्रीचे लोकरी मोजे उजवीकडे कोंबले आणि स्कार्फची मोठी गाठ पुढे आणली. चिमी काउंटरवर परतली, तर बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अय्या, किती छान बांधलंय! मलाही अस्संच बांधून द्या ना!" ती गाठ बांधेपर्यंत डावी पुन्हा पुढे. मी आणखी एक जोडी कोंबली. उजवीकडे मोजे, डावीकडे यीस्ट, नुसती शर्यत! आणि मोजे कुठे फुगतायत?

तेवढ्यात मालकीणबाईंनी नाक वर केलं. प्लास्टिक फुटलं होतं. दुकानभर आंबूस वास.

"कोण पिऊन आलंय?"

सगळ्यांचे डोळे चिमीकडे. तोंड लाल, घाम फुटलेला, स्कार्फ वाकडा.

"आजारपण म्हणजे हे होतं तर," मालकीणबाई म्हणाल्या. "पाच महिने मी सगळ्यांना सांगत होते, पोरगी आजारी आहे."

मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. फुटलं ते शर्टाचं बटण! टण्णकन उडून काचेवर पडलं आणि घरंगळत केकपाशी जाऊन थांबलं.

चिमीनं आधी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाठ वळवली, गळ्यातून हात घातला आणि खोळ काढून काउंटरवर ठेवली. शेजारी मोज्यांच्या दोन जोड्या ठेवल्या. खोळीची शिवण उसवली होती. त्यातून गोळा हळूहळू बाहेर येत होता.

"पीठ आहे," ती म्हणाली. "पावाचं. डावीकडे माझं काही नाही. कापून काढलंय. मी प्यायलेली नाही."

हीटर तेवढे रोरावत होते. सगळ्यांची नजर गेली ती खालीच गेली.

आणि त्या वेळी, मंडळी, मी काय केलं असेल? पुढे होऊन बहिणीला जवळ घेतलं? मी त्या गोळ्यात बोट खुपसून पाहिलं! जन्माची सवय! खड्डा सावकाश भरून आला.

"झालंय," मी म्हणाले. "आता भट्टीत घालायला हवं."

चिमीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसतेय. हसत नव्हती.

मालकीणबाईंनी रुमालानं काच पुसायला घेतली. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होत्या. शेवटी खाली बघूनच म्हणाल्या, "आधी सांगायचंस गं. उद्यापासून आत बस. तुलाच बरं पडेल."

"आणि माझे कपडे?" बँकेतल्या बाईंच्या गळ्यात ती अर्धवट गाठ तशीच लटकत होती. "रंग हिनं सांगितलाय. मी हिच्याकडूनच घेणार."

"दुसरी दाखवेल की."

"दुसरी मला सगळंच छान दिसतं म्हणते! चौदा वर्षांत खरं बोलली ती ही एकटीच. हिला आत बसवणार असाल तर मी आत येते."

मालकीणबाई धर्मसंकटात पडल्या. आत गिऱ्हाईक न्यावं तर चिंध्यांचा ढीग, आणि गिऱ्हाईक सोडावं तर जीव तुटतो. शेवटी आतलं टेबल ओढून मधल्या दारात आणलं. धड आत नाही, धड बाहेर नाही, उंबरठ्यावर! दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावरून काचेतून पाहिलं. पाठ भिंतीकडे होती, तोंड दुकानाकडे. समोर एक बाई उभी होती आणि चिमी तिला काहीतरी नको म्हणून सांगत होती. त्या बाईची नजर खाली जाऊन वर आली. चिमी बोलत राहिली.

आत जायची माझी हिंमत झाली नाही. अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन करायची, ती उचलायची, आणि आम्ही दोघी एकमेकींचा श्वास ऐकायचो.

बाराव्या दिवशी तिचाच फोन आला. "पुढच्या मंगळवारी तपासणी आहे. उजवीकडे काहीतरी लागतंय हाताला. नसेलही."

"मी येऊ का गं सोबत?"

मग म्हणाली, "ये. पण रिकाम्या हातांनी ये."

मी हो म्हटलंय. शब्दाची पक्की आहे मी! हातात काही म्हणजे काही नेणार नाही. पर्समध्ये दोन बिस्किटं आहेत, पण ती बिनयीस्टची.