तुमच्याच वयाच्या मित्राला द्या

नऊ दिवस झाले, तरी म्याऊने एकही कार्ड कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

कॉलेजात तिचं हे नाव पडलं ते आवाजामुळे. हजेरीला तोंड हलायचं, आवाज मागाहून यायचा, कधी यायचाच नाही. अशा मुलीला दवाखान्याने या कामासाठी कसं निवडलं, याचं तिलाच नवल वाटे. अर्ज लेखी होता, आणि कागदावर ती फार धीट होती.

लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांच्या तपासणीला तरुण मुलं येत नाहीत. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, पण मित्राचं ऐकतात. म्हणून दवाखान्याने साखळी काढली होती. तपासणी झालेल्या प्रत्येकाला तीन कार्डं द्यायची, ती त्याने आपल्या तीन मित्रांना द्यायची, त्यांनी पुढच्या तिघांना. पहिली कडी म्याऊ. कार्ड घरच्यांच्या हाती लागलं तर पंचाईत नको, म्हणून त्यावर आजाराचं नावच नव्हतं. म्याऊनेच मजकूर लिहिला होता : "मोफत. गुप्त. वीस मिनिटं. दुखत नाही. तुमच्याच वयाच्या मित्राला द्या." मागे पत्ता आणि शनिवारची वेळ.

"महिनाअखेर दहा तरुण तरी आले पाहिजेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर तपासणीची ही खोली जुनं सामान ठेवायला जाईल. आणि मग ही मुलं कुठेच जाणार नाहीत."

म्याऊला ते लागलं होतं. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने एकदा वहीत डोकं खुपसून विचारलं होतं, "तिथे नक्की काय करतात गं?" म्याऊचं तोंड हललं होतं, इतकंच.

शेवटी दहाव्या दिवशी तिने वाचनालयात जाऊन स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तीसेक कार्डं खुपसली. तिथे तरुणच येतात, हा हिशोब बरोबर होता. पण ग्रंथपालाला पुस्तकात परका कागद खपत नसे. त्याने सगळी कार्डं वेचली, पानांत खुणेला चांगली आहेत म्हणून वर्तमानपत्रांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या टेबलाभोवती सकाळी आठपासून निवृत्त मंडळी बसतात.

शनिवारी खोलीचं दार उघडलं तर समोर एक निवृत्त पोस्टमास्तर. कडक इस्त्रीचा सदरा, हातात कार्ड.

"यावर 'गुप्त' लिहिलंय," ते म्हणाले. "काय गुप्त आहे ते बघायला आलो."

सिस्टरने त्यांना पडद्याआड नेऊन सगळं सांगितलं. मग मास्तरांचा आवाज आला, "असं होय. बरं. आता आलोच आहे तर घ्या."

बाहेर आले तेव्हा कान लाल होते, पण चाल ताठ होती. नियमाप्रमाणे सिस्टरने त्यांनाही तीन कार्डं दिली. सिस्टरचं नियमापुढे चालत नसे.

"पण हे तर तरुणांसाठी..." म्याऊ पुटपुटली.

"आजार जन्मतारीख विचारून येतो का?" डॉक्टरीणबाईंनी आतूनच विचारलं.

वाचनालयातल्या टेबलावर मास्तरांना सगळ्यांनी घेरलं. कशाची तपासणी? काय विचारतात? मास्तरांनी चष्मा पुसला. "गुप्त आहे. स्वतः जाऊन या." पडद्याआड सिस्टरचं सांगणं ऐकताना इतरांची तोंडं कशी होतात, हे त्यांना बघायचंच होतं. जो जो जाऊन आला त्यालाही तसंच वाटलं. पुढच्या शनिवारी बाकावर निवृत्त तलाठी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या पाच आजीबाई बसल्या होत्या. नोंदवहीत चौतीस जण. तरुणांच्या रकान्यात शून्य.

महिना संपायला एक शनिवार उरला होता.

त्याच दिवशी पोस्टमास्तर पुन्हा उगवले. "दोन कार्डं वाटली, तिसरं उरलंय. माझ्या वयाचे संपले." मग म्याऊकडे बघत म्हणाले, "पोरी, हे 'दुखत नाही' कुणी लिहिलं?"

"मी."

"कशावरून?"

म्याऊचं तोंड हललं.

"अजून केली नाहीस ना तू?" मास्तरांनी कार्ड तिच्यापुढे धरलं. "घे. वय जुळत नाही, पण चालवून घेऊ."

तलाठी सरकले, शेजारच्या एका आजींनी पर्स उचलली. त्या दोघांच्या मध्ये बसून म्याऊने आपल्या पाळीची वाट पाहिली. पडद्याआड सिस्टरने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं देताना तिचा आवाज पहिल्याच फटक्यात बाहेर आला. मग लघवीसाठी लहान बाटली, मग बोटाला सुई. दुखलं. फार नाही, पण दुखलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, उरलेली सगळी कार्डं पुढ्यात घेतली आणि एकेका कार्डावर 'दुखत नाही' खोडून लिहिलं, 'मुंगी चावते तेवढं.'

सोमवारी तिने मैत्रिणीच्या हातात कार्ड दिलं.

"तिथे नक्की काय करतात?" मैत्रिणीने पुन्हा हळूच विचारलं.

"नाव नाही, नंबर देतात," म्याऊ म्हणाली. "चार प्रश्न, एक बाटली, एक सुई. मी करून आले."

इतक्या दिवसांचा साठलेला आवाज एकदम सुटल्यामुळे ते मागच्या तीन बाकांपर्यंत ऐकू गेलं. मग मागून एका मुलाने, खिडकीबाहेर बघतच, हात पुढे केला. मधल्या सुट्टीपर्यंत कार्डं संपली.

शेवटच्या शनिवारी तेरा तरुण आले आणि उभेच राहिले, कारण बाक आजी-आजोबांनी भरलेलं होतं. रिपोर्ट केव्हाच मिळाले होते, पण मंडळींना आता तिथे बसायची सवय लागली होती. पोस्टमास्तर सरकले आणि घामेजलेल्या एका मुलाला शेजारी बसवलं.

"आजोबा," मुलाने हळूच विचारलं, "तुम्ही इथे कशासाठी?"

मास्तरांनी चष्मा पुसला.

"गुप्त आहे," ते म्हणाले.