एक पान, एक कोस

आमच्या गावात संडास एकही नव्हता, पण गणपतशेटच्या दुकानात टॉयलेट पेपर होता. चांगल्या पेटीभर गुंडाळ्या. गुळाच्या भेल्या आणि घासलेटचा डबा यांच्या मधल्या फळीवर त्या रांगेत उभ्या असत. नवा माणूस दुकानात आला की त्याची नजर तिकडे जाईपर्यंत गणपतशेट त्याला तंबाखूची पुडीही देत नसत.

"काय हाय हे, वळखा."

कुणी म्हणे तारेच्या मशीनचा कागद, कुणी म्हणे विड्या बांधायचा. गणपतशेट प्रत्येक उत्तराला नकारार्थी मान हलवत आणि शेवटी खरं काय ते सांगत. मग समोरच्याचा चेहरा पाहणं हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद होता.

गाव भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडच्या, म्हणजे हैदराबाद राज्यातल्या काठावर. मी तिथून एका मराठी साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे आणि गणपतशेटच्या शेजारी राहत असे. ती पेटी आली कशी, हे मी तीन माणसांना वेगवेगळं विचारून खात्री करून घेतलं होतं. निजामाच्या राज्यात एक गोरा साहेब शिकारीसाठी जंगलात तळ देई. त्याच्या खानसाम्यानं गणपतशेटकडे सामानाची यादी दिली. सामान सिकंदराबादहून निघालं आणि तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, साहेब गेला, खानसामाही गेला. काही आठवड्यांनी सामानाची बैलगाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. बिस्किटं गावानं खाल्ली. कागद उरला.

कागदाबरोबर खानसाम्यानं सांगितलेला त्याचा इतिहासही उरला होता.

"पयला कोनं वापरला? चीनच्या बादशानं. अंदाजानं नाही सांगून राह्यलो."

'अंदाज' हा शब्द गणपतशेटना शिवीसारखा लागे. कापड मोजायचा लोखंडी गज कायम त्यांच्या हाताशी असे. दुकानापासून नदीपर्यंतची पावलं त्यांनी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा, अशी वेगळी मोजली होती, कारण पावसाळ्यात नदी जवळ येते.

"अमेरिकेतले शेतकरी आधी मक्याचं कणीस वापरत. दाने काढलेलं. मंग पंचांगाची पानं. छापनारेच पंचांगाच्या कोपऱ्यात भोक पाडून देत, खिळ्याले टांगाले."

"पंचांगाची?" ओट्यावर बसलेले लक्ष्मणबुवा ताडकन उठले. बुवा गावातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ, आणि गणपतशेटचे कायमचे विरोधी पक्ष. "आमी कागदाले पाय लागला तं पाया पडतो. अन् तू काय विकून राह्यला बे गणपत?"

"बुवा, हा कोरा हाय. इद्या याच्यावर उतरलीच नाही अजून."

"अन् ते लोक पानी काऊन नाही वापरत?"

"थंडी, बाप्पा! तुमी जा तिकडं, धरा तांब्या, मंग सांगा मले."

कागद मात्र विकला जात नव्हता. तो कडक होता, एका बाजूनं चकचकीत. पाणी टिपत नव्हता, शाई धरत नव्हता. पोरांनी त्याचा पतंग केला, तर पानं सुटी करायला पाडलेल्या भोकांच्या ओळीवर तो पहिल्याच झोतात फाटला. एका दुपारी गणपतशेटना दिसलं की या कागदाखाली ठेवलेलं चित्र वरून स्पष्ट दिसतं आणि पेन्सिलीनं गिरवता येतं. ते भिंतीवरून उडी मारूनच माझ्याकडे आले. "बातमी लिवा!" म्हणाले. मी लिहिली नाही.

ते दिवसच उत्साहाचे होते. हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे नवी राज्यं होणार होती. पलीकडचा वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार असं बोललं जाई. आमच्यासारख्या काठावरच्या मराठी गावांचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकाकडे पक्की खबर होती. नदी शेवटी सीमाच राहिली, हे आज कुणालाही नकाशात दिसतं. तेव्हा मात्र दुकानाच्या ओट्यावर रोज नवं राज्य तयार होई आणि दिवेलागणीपर्यंत मोडे.

गणपतशेटना राज्य कुठलंही चाललं असतं. त्यांना नदीवर रेघ नको होती. त्यांची एकुलती एक लेक कमळा पलीकडच्या कवठाळीला दिली होती. निजामाच्या काळात घाटावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. पाठवणीच्या दिवशी नाक्यावरच्या शिपायानं कमळाची पेटी उघडली आणि एकेक लुगडं झटकून मातीत ठेवलं. वऱ्हाड उभं राहून पाहत होतं. नाका पुढे उठला, पण गणपतशेट म्हणत, "रेघ आली का मागून नाका येते. मी पाह्यलं हाय."

अशात बातमी आली की काठावरच्या गावांची माहिती घ्यायला हैदराबादहून एक साहेब येणार. गणपतशेटनी दुकान बंद केलं, पटवाऱ्याकडून नकाशे मागून आणले आणि जमिनीवर पालथे पडून नदी गिरवायला घेतली.

"फाटला तं माही नोकरी जाईन, शेटजी," पटवारी दारातून म्हणत होता.

"तुमचा नाही फाटत. माहा फाटला तं माह्याकडं पेटीभर हाय."

प्रमाण आयतंच होतं. एक पान, एक कोस. नदी लांब होती, गुंडाळीही लांब होती. दोन्ही काठांची गावं मांडून झाली की इकडून तिकडे झालेल्या प्रत्येक सोयरिकीची एक रेघ. तीन दिवस दुकानासमोर रांग होती. माणसं लेकीसुनांची नावं सांगत होती, मी कागदाची कड धरून बसलो होतो. रांगेत लक्ष्मणबुवाही उभे राहिले.

"माह्या दोन बहिनी पल्याड दिल्या व्हत्या. मेल्या त्या. धरतं का?"

"धरतो. सोयरीक मरते काय, बुवा?"

एका बाईनं अजून न ठरलेलं लग्नही सांगितलं, तेव्हा मात्र गणपतशेटनी गज आपटला. "अंदाजानं नोका सांगू!" तिसऱ्या दिवशी रेघांखाली नदी दिसेनाशी झाली होती.

साहेब आले. चावडीच्या ओसरीवर सतरंजी घालून त्यावर नदी उलगडली, पानापानावर खडा ठेवला. त्यांच्याबरोबरच्या कारकुनानं कागद ओळखला असावा. त्याला मोठा खोकला आला. साहेबांनी कड चिमटीत धरून चोळली.

"ये काग़ज़..."

"कोरा था, साहब," गणपतशेट म्हणाले. "एक पान, एक कोस. नाप के देखो."

साहेबांनी खरोखरच मोजून पाहिलं. हसले नाहीत. गुडघ्यांवर बसून एकेका गावावर बोट ठेवत ते नाव विचारत पुढे सरकले. गणपतशेट शेजारून रांगत होते, धाप लागली तरी नावं सांगत होते. मग बोट थांबलं.

"सब लकीरें नदी पार करती हैं. ये एक क्यों नहीं करती?"

बोट कवठाळीवर होतं. नकाशात कवठाळी नदीच्या अलीकडे होती, आमच्या गावाला खेटून. तीन दिवस कड धरून बसलो होतो, तरी मला ते दिसलं नव्हतं.

कवठाळी कुठे आहे हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग लक्ष्मणबुवा उठले.

"पूर आला व्हता, साहेब. नदीनं जागा बदलली."

"लय मोठा पूर जी," मागून कुणीतरी म्हणालं.

पटवाऱ्यानं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही.

"नाही," गणपतशेट म्हणाले. "पूर नाही आला. गाव पल्याडच हाय. माही लेक हाय तिथं."

साहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली. "ठीक कर दो."

गणपतशेटनी पेन्सिल घेतली, टोक कागदाला लावलं आणि तसेच बसून राहिले. मग पेन्सिल परत दिली.

"तुमीच करा, साहेब. माह्या हातानं नाही होत."

साहेब थोडा वेळ कवठाळीकडे पाहत होते. मग त्यांनी पेन्सिल खिशाला अडकवली, बोट पुढच्या पानावर नेलं आणि तिथल्या गावाचं नाव विचारलं.