मौजे करवंदघळीचें धान्य ‘वाढलें’, त्याची हकीकत

गजाननास वंदन, शारदेस साष्टांग, आणि हुजुरांस रोख सवाल. करवंदघळीचीं अकरा माणसें आपण मारिलींत. यंत्रानें नव्हे, आपण. आतां कैसें, तें ऐकावें.

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, सरकारांनीं परमुलखांतून शब्दयंत्र आणविलें, आणि तें हत्तीवरून मिरविलें, आणि दप्तरखान्याचे चाळीस कारकून घरीं बसविले, आणि रयतेचे अर्ज यंत्रानें वाचावे, एका ओळीचें सार काढावें, त्यावर कारभाऱ्यांनीं शिक्का उठवावा, ऐसा पायंडा पडिला. मग राजधानींतील लेंकरें यंत्रास भूत म्हणूं लागलीं, तेणेंकरून हुकूम जाहला कीं, यंत्र कैसें चालतें तें शाळेंत समजावावें. कामगिरी साळूबाई कासारणीवर आली. ही बाई बांगड्या भरतां भरतां पोरींस अक्षरें शिकवी. रडतें पोर हसवून चुडा कधीं चढविला तें त्यास कळूं न द्यावें, ही तिची विद्या. हुकुमांत लिहिलें होतें, ‘यंत्र सर्वज्ञ आहे ऐसें सांगणें.’ बाईनें तो वाचिला आणि घडी करून कमरेस खोचिला.

श्रावण वद्य पंचमीस तिनें वीस लेंकरें ओळीनें बसविलीं आणि म्हणाली, “भूत नाही, देव नाही, खेळ आहे. मी बोलते, तुम्ही पुढचा शब्द जोडा. आईनं चुलीवर ठेवला...”

“भात!” “चहा!” “तवा!”

“हत्ती!” म्हादू ओरडला, आणि सारीं खिदळलीं.

“का रे म्हादबा, हत्तीला का हसले हे?”

“तसं कुणी म्हणतच नाही ना, बाई.”

“झालं तर! यंत्र एवढंच करतं. त्यानं लाखो कागद घोकले, कुठल्या शब्दामागं बहुतेक कुठला शब्द येतो ते धरून ठेवलं. चुलीनं त्याचा हात कधी पोळला नाही, भातानं त्याचं पोट कधी भरलं नाही. बहुतेक लोक जे म्हणतात, ते यंत्र म्हणतं. पण थोडे लोक वेगळं म्हणत असले, तर त्यांचं काय?”

तेव्हां हौशी नामें नऊ वर्षांची पोर, करवंदघळीहून शिकावयास मावशीकडे राहिलेली, उठून म्हणाली, “बाई, मग आमचा अर्ज त्याला कळला असंल का? माझ्या आयनं लिहिला. गावात तिलाच लिहाया येतं. नागपंचमीला धाडला, पंधरा दिस झाले, अजून धान्याच्या गाड्या न्हाईत.”

“काय लिहिलं होतं गं?”

“गावचं धान्य वाढलं. आता सरकारची कृपा.”

बाईच्या हातची बांगडी फरशीवर पडली. “बाई, वाढली!” पोरी एकसुरानें बोलल्या, आणि बाईचें तोंड पांढरें पडिलें. कारण या मुलखांत बांगडी फुटत नाहीं, वाढते. दिवा विझत नाहीं, वाढतो. आणि कणगी रिती जाहली तरी संपली ऐसा अभद्र शब्द घरांत काढीत नाहींत, वाढली म्हणतात. हें लेंकरांस आईच्या मांडीवर कळतें. यंत्रास मांडी कोणाची?

मग बाई तडक दप्तरखान्यांत गेली आणि अर्ज काढविला. त्यावर यंत्राचें सार होतें: ‘धान्यवृद्धी जाहली. रयत कृपेबद्दल आभारी. गाड्या नकोत.’ खालीं शिक्का, ठसठशीत.

“कारभारी,” बाई म्हणाली, “तुमच्या घरी रात्री दिवा वाढवतात ना? मग सकाळपर्यंत केवढा होतो?”

दारावरचे शिपाई फिसकन हसले. कारभारी लाल जाहले. “जीभ आवर, कासारणी! यंत्र चुकत नाही. तक्रार असेल तर नवा अर्ज दे, ते वाचेल.”

“तुम्हांला वाचता येत नाही?”

“आम्ही कशाला वाचायचं? यंत्र आहे ना!”

मग बाईनें छातीवर धोंडा ठेवून तो अभद्र शब्द लिहिला: ‘धान्य संपलें.’ यंत्रानें सार काढिलें: ‘याच गांवचें धान्य पंधरवड्यापूर्वीं वाढलें, सबब अर्ज खोटा.’ आणि कारभाऱ्यांनीं मान वर न करितां शिक्का उठविला.

मग बाईनें ज्या ज्या घरीं चुडे भरले त्या त्या घरीं पदर पसरिला, मूठ मूठ करून दोन गाड्या भरिल्या, आणि हौशीस घेऊन निघाली. वाटेंत नदी फुगलेली, आठ दिवस अलीकडेच बसलीं. पलीकडे पोंचलीं तों गांवांत कुत्रेंही भुंकेना. माणसें होतीं, तीं भिंतीस टेकून नुसतीं बघत होतीं. अकरा गेलीं होतीं. त्यांत हौशीची आई. उशाशीं दौत होती, शाई सुकलेली.

पोर रडली नाहीं. इतकेंच म्हणाली, “बाई, आयनं शब्द चुकीचा लिहिला का?”

“नाही गं बाळे. शब्द बरोबर होता. वाचायला माणूस नव्हतं.”

आणि राजधानीस दवंडी पिटली गेली कीं, अर्जदारणीच्या अशुद्ध लिहिण्यामुळें हा प्रकार घडला, यंत्र निर्दोष, पुढें लेंकरांस शाळेंत ‘संपलें’ ऐसेंच शिकवावें. साळूबाईची शाळा बंद जाहली.

तात्पर्य थोडकें. लेंकरांस यंत्र एका सकाळींत कळलें. तें शब्दास शब्द जोडतें, बस; त्यास भूक ठाऊक नाहीं, म्हणून त्यास दोषही नाहीं. शिक्क्यास मात्र हात लागतो, आणि हातास धनी असतो. अर्ज दोन, शिक्के दोन. हुजूर, तो हात कोणाचा? हौशी दारांत उभी आहे, अक्षर तिला वाचतां येतें. तिच्या आईस चुकीची ठरविणाऱ्यानें स्वतःच्या हातानें, स्वतःचें नांव घालून उत्तर लिहावें. यंत्राकडून लिहवून घेतलेलें चालणार नाहीं.