जरा सरकून घ्या

म्युरिएल हॅकेटबाईंची बोट घेऊन क्लेमेंट प्रॉसर पेनफोल्डच्या पुलाखालून बाहेर पडले आणि समोरचा काठ पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंची जागा गायब होती. म्हणजे जागा होती, भरपूर होती, पण तुकड्यातुकड्यांत. पुलाच्या अलीकडे प्रॉसरांची स्वतःची बोट, मग थोडी मोकळी जागा, मग लेनीची बोट, पुन्हा थोडी मोकळी जागा आणि शेवटी टॅटरसॉलबाईंची लांबलचक हिरवी बोट. चार बोटींचा काठ तीन बोटींनी पाय पसरून अडवला होता, आणि चौथीने जावे कुठे याची कुणालाही फिकीर नव्हती.

प्रॉसरांनी उभी हयात बस-कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. ‘पुढे सरका, मधे जागा आहे’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटले होते, की झोपेतही ते तेच पुटपुटत, असे त्यांची बायको जिवंत असताना सांगायची. निवृत्तीनंतर बोटीवर राहायला आले तेव्हा वाटले होते, सुटलो. पण माणूस बसमध्ये असो की कालव्यावर, सरकायचे म्हटले की त्याच्या जिवावर येते ते येतेच.

आणि नेमके आजच सरकणे निकडीचे होते. हॅकेटबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते, त्यानंतर त्या फिलिपा नावाच्या भाचीकडे राहिल्या होत्या, आणि आज चहाच्या वेळेला भाची त्यांना गाडीतून परत आणणार होती. फिलिपाने शहरात मावशीसाठी लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवला होता. अट सरळ होती. मावशी आपली आपण बोटीत चढल्या-उतरल्या तर राहू देत, नाही तर चला फ्लॅटमध्ये. आता बोटीच्या पुढच्या टोकाला उंच पायरी आणि मागच्या टोकाला शिडी; खुबा बदललेल्या बाईला दोन्ही बंद. पण बाईंच्या बोटीच्या एका कुशीला, म्हणजे बाजूला, एक दार होते, आणि पुलाजवळचा हा दगडी काठ बरोबर त्या दाराच्या उंबऱ्याइतका उंच होता. पाऊल उचलले की आत. दाराला धरायला कठडासुद्धा प्रॉसरांनी स्वतः बसवला होता. दगडी काठ संपला की पुढे नुसता चिखल आणि अंगाला खाज आणणारी झुडपे.

बोट इथून हलवायची बुद्धीही प्रॉसरांचीच. बाई नाहीत तोवर बुडाला डांबर लावून आणू, म्हणून ते ती गोदीत घेऊन गेले. आता आपल्या कालव्यावर जागा काही कुणाच्या नावावर नसते. बोट हलली की जागा गेली. पण शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? खरे सांगायचे तर बाई गेल्यापासून प्रॉसरांना करमत नव्हते. संध्याकाळी किटलीत पाणी दोघांचे घातले जायचे आणि एक कप कालव्यात जायचा.

त्यांनी बाईंची बोट तात्पुरती आपल्या बोटीला बाहेरून बांधली आणि लेनीकडे गेले. लेनी टपावर पालथा पडून टीव्हीच्या डिशचा स्क्रू पिळत होता.

“लेनी, जरा पुढे सरकून घे. हॅकेटबाईंची बोट आणलीय.”

“आत्ता नाही जमणार, इन्स्पेक्टरसाहेब. मॅच चालू आहे.”

“मॅच काय बोटीच्या बुडाखाली चालू आहे?”

“डिश त्या झाडाच्या आणि पुलाच्या मधून आभाळ पकडते. वीतभर हललो की चित्र गेलं. सकाळपासून खपतोय. तुम्ही टॅटरसॉलबाईंना सांगा ना.”

टॅटरसॉलबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या बोटीच्या पुढे दगडावर कुंड्यांची रांग होती. मिस्टर टॅटरसॉलही होते, पण ते कुंड्यांसारखेच, ठेवले तिथे राहणारे.

“आम्ही कसे सरकणार?” टॅटरसॉलबाई म्हणाल्या. “त्या कुंडीत बदकीण अंडी घालून बसलीय. पुढे सरकलो की आमचं दार बरोबर तिच्यासमोर येतं. मग मी उतरू कुठे, तिच्या डोक्यावर?”

“बाई, एका आजारी बाईचा प्रश्न आहे.”

“म्हणून तर सांगतेय, तुम्हीच मागे सरका. तुमच्या मागे पुलापर्यंत केवढी जागा पडलीय.”

“ती जागा नाहीये,” प्रॉसर म्हणाले. “ते अंतर आहे.”

“कसलं अंतर?”

“पुलाखालून येणारे माझ्या बोटीचा रंग खरवडतात, म्हणून ठेवलेलं.”

“म्हणजे आमची ती जागा आणि तुमचं ते अंतर,” टॅटरसॉलबाई म्हणाल्या, आणि मिस्टर टॅटरसॉल पहिल्यांदाच हसले. प्रॉसरांना त्यांचा फार राग आला, कारण बाईंचे म्हणणे बरोबर होते. प्रॉसरांनी स्वतः मागे पुलापर्यंत जायचे, लेनीने पुढे टॅटरसॉलांना चिकटायचे, की मधे हॅकेटबाईंची बोट आरामात बसत होती. बदकिणीलाही धक्का नाही. राहता राहिला लेनी. जेवणाला मॅच थांबली की हलतो, यापुढे तो तसूभर सरकेना. अहो, एका बाईचे घर जायची वेळ आली आणि हा माणूस फलंदाज कधी जेवायला जातात याची वाट बघतोय. प्रॉसर आपल्या बोटीवर जाऊन धुमसत बसले.

तोवर दोन बोटी शेजारी शेजारी बांधल्यामुळे अर्धा कालवा अडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला अंग चोरून जावे लागत होते, आणि जाता जाता प्रत्येक जण काहीतरी सुनावून जात होता. “कालवा काय वडिलांनी खणलाय का?” असे एक म्हातारा म्हणाला. हे वाक्य प्रॉसर गेली कित्येक वर्षे दुसऱ्यांना ऐकवत आले होते. आज ऐकताना ते अतिशय असभ्य वाटले.

एकदाची मॅच जेवणासाठी थांबली. लेनीने खुंटाचा दोर सोडला, प्रॉसरांनी आपला सोडला, आणि नेमक्या त्याच वेळी पुलाखालून सुट्टीवर आलेल्या पोरांची एक भाड्याची बोट भरधाव आली. सगळ्यांच्या डोक्यावर कप्तानाच्या टोप्या, सुकाणूवर मात्र कुणाचे लक्ष नाही. त्यांच्या लाटेने प्रॉसरांची बोट हॅकेटबाईंच्या बोटीसकट काठापासून सुटली, लेनीची बोट आडवी होऊन समोरच्या झाडात घुसली, आणि त्याची डिश फांदीला अडकून तिथेच राहिली. टोपीवाल्यांनी हे सगळे कौतुकाने पाहिले.

“अरे वा, जागा झाली,” त्यांच्यातला एक म्हणाला, आणि त्यांनी बोटीचे नाक सरळ मोकळ्या काठाकडे वळवले.

प्रॉसर आपल्या बोटीवर लांब पाण्यात, हातात नुसता बांबू. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. पण काठावर टॅटरसॉलबाई उठल्या. सकाळपासून एक कुंडी न हलवणाऱ्या त्या बाईंनी आपली खुर्ची उचलली, मोकळ्या जागेच्या बरोबर मधे दगडावर ठेवली आणि त्या पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसल्या.

“ही जागा भरलीय,” त्या म्हणाल्या.

“कुठे भरलीय, काकू? रिकामी तर आहे.”

“मी बसलेली दिसत नाही? पुढे सरका. आणि हळू जा, माझी बदकीण बसलीय.”

पोरे हळू गेली. मग मिस्टर टॅटरसॉलांनी दोर फेकला, लेनीची बोट झाडातून ओढून काढली, प्रॉसरांची पुलाला भिडवली, आणि सगळ्यांनी मिळून हॅकेटबाईंची बोट ढकलत ढकलत मधल्या जागेत अशी बसवली की इकडे हात घालायला जागा नाही आणि तिकडेही नाही. लेनीची डिश फांदीवरून काढेपर्यंत वाकडी झाली होती. मॅच रेडिओवर ऐकताना त्याने आवाज मुद्दाम मोठा ठेवला. प्रॉसरांनी त्याला माफ केले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि काठावर येऊन उभे राहिले.

गाडी आली. फिलिपाने मावशीला हाताला धरून उतरवले. हॅकेटबाई वाळल्या होत्या, पण नजर तीच होती. काठी टेकत टेकत त्या बोटीपाशी आल्या. सगळे बाजूला झाले.

“छान चकचकीत केलीत की,” त्या म्हणाल्या.

“हो, पण आत जायचं कुठून?” फिलिपाने विचारले.

प्रॉसरांनी दाराकडे हात केला, आणि तो हात तसाच राहिला. समोर सपाट लोखंडी भिंत होती. दार नव्हते, कठडा नव्हता. लेनी टपावर चढून पलीकडे वाकला.

“दार इकडे आहे,” तो म्हणाला. “पाण्याकडे.”

गोदीत जाताना बोटीचे तोंड पूर्वेला होते. गोदीतून परत निघताना ते वळवले, म्हणजे येताना पश्चिमेला, म्हणजे पूर्वी काठाकडे असलेली कूस आता पाण्याकडे. पोराटोरालाही कळावे असा हिशोब. आणि एवढी लांब बोट काही सायकल नव्हे, की उचलली आणि फिरवली. त्यासाठी कालव्याला मुद्दाम पोट काढलेली रुंद जागा लागते, आणि ती पार पुढे, चर्चच्या पलीकडे. प्रॉसरांनी तिथपर्यंत जाऊन वळून मागे यायला हवे होते. हे त्यांना ठाऊक होते. सकाळी ती तुकड्यातुकड्यांतली जागा दिसली आणि रागाच्या भरात डोक्यातून सगळेच निघून गेले.

“मावशी, पोहत जाणार आहेस का?” फिलिपा म्हणाली. वाईट बाई नव्हती ती, दमलेली होती. तिने गाडीचे दार पुन्हा उघडले. “चल. फ्लॅटची किल्ली आहे माझ्याजवळ.”

“मी उद्या वळवून आणतो,” प्रॉसर म्हणाले. सकाळपासून लोकांना बोल लावले, आणि घोळ घातला तो आपणच. बाई आता गेल्या की परत येणार नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

“उद्याचं उद्या,” हॅकेटबाई म्हणाल्या. “फिलिपा, गाडीचं दार लाव, वारा येतोय. क्लेमेंट, तुमच्या बोटीला दार दोन्हीकडे आहे ना?”

“आहे.”

“मग सरका की जरा.”

प्रॉसर सरकले. बाईंनी शेजारच्या त्यांच्या बोटीच्या दारात काठी टेकवली, चौकट धरली, पाऊल उचलले आणि त्या आत जाऊन प्रॉसरांच्या खुर्चीवर बसल्या. फिलिपा दारात उभी राहिली. “आणि रात्री झोपायचं कुठे?”

“इथेच. हे माझ्या बोटीत झोपतील. हे काय, टुणकन उडी मारून जातील. बोट उलटी असली तरी पलंग सुलटाच आहे.”

फिलिपाने सगळ्यांकडे एकदा पाहिले. टॅटरसॉलबाई आभाळाकडे बघत होत्या. “वळवून आणेपर्यंतच,” ती म्हणाली. “पण ती वळवा मात्र.”

“म्हणजे काय, वळवणारच,” प्रॉसर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी चालत जागा बघायला गेले, कारण बोट नेली आणि जागा गेली असे पुन्हा व्हायला नको होते. बघतात तो वळायच्या जागेत, जिथे बोटी बांधू नयेत असे हातभर अक्षरांत लिहिले आहे, बरोबर त्या पाटीलाच दोर गुंडाळून एक तपकिरी बोट निवांत उभी. टपावर एक गोलमटोल गृहस्थ इंजिनाचे तुकडे पुसत बसलेला. नाव त्याने ऑस्विन सांगितले.

प्रॉसरांनी त्याला असे फैलावर घेतले, की चर्चच्या कबुतरांनी जागा सोडली. लाज नाही, शेजारधर्म नाही, पाटी वाचता येत नाही. ऑस्विन दिलगीर होता. इंजिनाचा एक भाग मोडला होता, नवा मागवला होता, तो येईपर्यंत बोट हलणे शक्य नव्हते. प्रॉसर पाय आपटत परत आले.

“अडवलीय जागा,” त्यांनी सांगितले.

“किती बेजबाबदार असतात लोक,” हॅकेटबाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे दुसरा टोस्ट ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी प्रॉसर जागा बघायला जात, ऑस्विनला बोलून येत आणि टोस्ट खात. फिलिपाचा फोन आला की संतापून सांगत, “कुठली वळवतोय? तो हलेल तर ना.” संध्याकाळी दोन कप चहा होई आणि दोन्ही संपत. बाईंनी प्रॉसरांच्या खिडकीला नवा पडदा शिवला. जुना वाईट नव्हता, पण प्रॉसरांनी हरकत घेतली नाही. काठी आता बहुतेक वेळ दाराशीच टेकून असायची.

मग एके दिवशी ऑस्विन त्यांना लांबूनच हात करू लागला. “सुटलात एकदाचे,” तो म्हणाला. “पार्ट आला, इंजिन चालू झालं. उद्या सकाळी निघतो. फार त्रास दिला तुम्हाला.”

घरी येऊन प्रॉसरांनी टोस्टला हात लावला नाही. “तो उद्या जातोय,” त्यांनी सांगितले.

हॅकेटबाई उठल्या, त्यांनी फळीवरची प्लमच्या मुरंब्याची मोठी बरणी काढली, फडक्याने पुसली आणि प्रॉसरांच्या हातात दिली.

प्रॉसर तसेच उलट पावली निघाले. ऑस्विन दोर गुंडाळत होता.

“घाई काय आहे?” बरणी पुढे करत प्रॉसर म्हणाले. “नवा पार्ट आहे. चार दिवस जागच्या जागी चालवून बघावा. पुढे कुठे बंद पडलात म्हणजे?”

ऑस्विनने बरणीकडे पाहिले, मग पाटीकडे. “पण इथे बोटी वळवतात ना? लोक चिडतील.”

“चिडू देत,” प्रॉसर म्हणाले. “लोकांचं काय, ते कशावरही चिडतात.”