काच आपणहून फुटल्याबाबतचा अहवाल

मोटारीची समोरची काच कधीही कोणामुळे फुटत नाही. ती आपणहून, अचानक, आणि शक्यतो पाहुणे आलेले असताना फुटते. म्हसवडजवळच्या आमच्या गावानं हे रीतसर चौकशीअंती सिद्ध केलं आहे. अहवाल लिहिण्याचं काम, अक्षर बरं म्हणून, माझ्याकडे आलं.

गावात एकूण एक्केचाळीस चारचाकी. त्यातल्या अडतीस गाड्यांच्या काचेवर स्टिकर आहेत. उरलेल्या तीन गाड्यांना काच नाही.

प्रकरण बिरदेवच्या गाडीचं. बिरदेव : वय एकतीस, मेंढरं एकशे दहा, डाळिंब दोन एकर, लग्न शून्य. गाडी असल्याशिवाय मुलीकडचे फोन उचलत नाहीत म्हणून त्यानं जुनी गाडी घेतली, आणि खरोखरच विट्याच्या एका घरानं फोन उचलला. मुलगी सृष्टी, बी.एस्सी. झालेली. मंडळी रविवारी घर बघायला येणार आणि त्यांना आणायला बिरदेवनं गाडी घेऊन जायचं, असं ठरलं. एकतीस वर्षांत एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं.

मंगळवारी विट्याच्या रस्त्यावर डंपरच्या चाकातून खडी उडाली आणि काचेचा जोंधळ्याच्या दाण्याएवढा टवका गेला. बिरदेव तसाच विट्यातल्या काचेच्या दुकानात गेला. दुकानदार गुंडा म्हणाला, "आत्ता भरून घे गड्या. अर्ध्या तासाचं काम हाय. न्हाई भरलंस तर वाढत जाणार."

बिरदेव बाकड्यावर बसणार, तोच त्याच्या ध्यानात आलं की गाव मुलीचं आहे. सोयऱ्यांपैकी कुणी गाडी इथं बघितली, तर ठोकलेली गाडी म्हणून बोभाटा व्हायचा. गुंडाला गाव-नाव सांगून (त्यानं विचारलं म्हणून) तो उठला आणि वाटेत 'नाथबाबा प्रसन्न' हा स्टिकर घेऊन आला. टवका झाकला. टवक्यापुरतं बोलायचं तर काम उत्तम झालं.

बुधवारी नाथबाबांच्या खालून बोटभर रेघ बाहेर आली. तिच्यावर 'आईचा आशीर्वाद' बसवला. गुरुवारी रेघ आशीर्वाद ओलांडून गेली. 'नाद करायचा नाय' लावला. तिनं नाद केला. शनिवारपर्यंत मोकळी काच भाकरीएवढी उरली. तिच्यातून बघायला मान खाली घालून गाडी चालवावी लागे. पोरगा लग्नाआधीच नम्र झाला, असं गावाचं मत पडलं.

रविवारी ऊन बेचाळीस. बिरदेवनं एसी शेवटापर्यंत पिळून सृष्टीला आणि तिच्या वडिलांना आणलं. गावात शिरताना गाडी नानासोंच्या गतिरोधकावरून उडाली. (नानासो म्हणजे रिटायर सुभेदार. गतिरोधक गुडघाभर, त्यांच्या दारापुढं, स्वखर्चानं.) दारात बिरदेवची आई तानुबाई भाकरतुकडा आणि माठातल्या गार पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि काच धुळीनं माखलेली दिसली म्हणून सगळा तांब्या तिच्यावर ओतला. बिरदेवचा मामा धुळा यानं, आयुष्यभर जीप चालवल्यामुळं, पाहुण्यांचं दार दोन्ही हातांनी लावलं.

काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कोळ्याचं जाळं उमटलं.

"नजर लागली," तानुबाई म्हणाली.

चहाच्या आधी समिती नेमली गेली. अध्यक्ष नानासो, सदस्य धुळा, तानुबाई आणि बिरदेव. चौकशी सोप्यात, पाहुण्यांसमोर झाली. नानासोंचं म्हणणं, गार पाण्यानं काच तडकते. तानुबाईचं म्हणणं, दार आपटल्यानं. धुळाचं म्हणणं, आत एसी आणि बाहेर ऊन असल्यानं. बिरदेव हळूच म्हणाला, गतिरोधक. समितीत सदस्य चार आणि कारणंही चारच निघाली, हा योगायोग समितीनं अहवालातून वगळला. एकमतानं ठरलं : काच आपणहून फुटली.

सृष्टी उठली. गाडीपाशी जाऊन तिनं नखानं एकेक स्टिकर सोलला. नाद, मग आशीर्वाद, मग नाथबाबा. खाली दाणा होता.

"हे कवाचं?" तिनं विचारलं.

बिरदेवनं आईकडं बघितलं, समितीकडं बघितलं. "आजचंच," तो म्हणाला.

"काचवाले गुंडा माझे चुलते," सृष्टी म्हणाली. "मंगळवारीच घरी सांगितलं त्यांनी. पोरगं बरं वाटलं, म्हणले, पण भरून न घेता गेलं. आमी घर बघाय न्हाई आलो. तुमी सांगताय का, एवढंच बघाय आल्तो."

चहा झाला. जाताना वडील म्हणाले, "कळवतो." बिरदेवनं त्यांना एसटीत बसवून दिलं. अजून कळवलेलं नाही. आमच्या भागात 'कळवतो' हा शब्दही नकारावर लावायचा स्टिकरच आहे.

सोमवारी बिरदेव गुंडाच्याच दुकानात गेला, मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं आणि नवी काच बसवून आला. तिच्यावर त्यानं काहीच लावलेलं नाही. एवढी कोरी काच घेऊन फिरतो म्हणून गावात त्याच्याविषयी संशय आहे. समितीचा त्यानं राजीनामा दिला.

ती जागा रिकामी आहे. पात्रतेची अट एकच. आपल्या गाडीच्या काचेवरचा देव नखानं जरा उचलून बघावा. गाडी नसल्यास भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारावं.

राहू दे म्हणताय? मग तुम्ही समितीतलेच. अर्ज कशाला, थेट या.