तांडेल सरांची भुतं

मुलांनो, आमच्या शेजारच्या तांडेल सरांना भुताची गोष्ट सांगायची असेल तर आधी त्या भुताचं आडनाव ठाऊक हवं. गाव, धंदा, मागे कोण कोण आहे, तेही. "नुसतं भूत कोणी नसतं हो बाई," ते मला बजावतात, "कुणाचा तरी काका असतो!"

इथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाची सगळी मुलं, शाखा कोणतीही असो, एकच पुस्तक वाचतात आणि एकत्र बसून त्यावर बोलतात. यंदाचं पुस्तक म्हणजे सरांनी सातपाटी ते तारापूर हिंडून जमवलेल्या भुतांच्या गोष्टी. रसायनशास्त्राच्या बाई रागावल्या, "मुलं घाबरतील!"

"घाबरायला तरी आधी वाचावं लागेल ना?" सर म्हणाले.

चर्चेला मदत करायला मी, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, जाऊन बसले. कारखान्यांना लागून असलेल्या सालवडचा एक मुलगा उठला. "सर, पापा बोलते हैं, कंपनी का भूत रोज शिफ्ट पे आता है."

सरांनी गंभीरपणे विचारलं, "कायम आहे की ठेकेदाराकडे?" वर्गात हशा पिकला.

मग सातपाटीची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्यात तिनीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ देत नाय. समुद्रात बुडून गेलेली मानसं दोनदाच हाक मारतात. तिसरी आली तरच दार उघडायचं."

"आणि आधीच उघडलं तर?"

"नेतात ना सर!"

"आणि नाहीच उघडलं, तर ती जातात कुठे?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी बोटीवर गेले ते परतलेच नाहीत. त्यांचा देहसुद्धा हाती लागला नाही. वर्गात हे फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अळूवड्या घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सर एकटेच राहतात. "तांडेल सर!" म्हणते न म्हणते तोच "ओ, आलो!" करत ते एका पायात चप्पल घालून दारात.

"अहो, निदान तिसऱ्या हाकेची तरी वाट पाहायची," मी चेष्टा केली.

त्यांनी वाटी घेतली. माझ्यामागच्या रिकाम्या अंगणाकडे एकदा पाहिलं.

"दादा फार भिडस्त होता, बाई," ते म्हणाले. "दुसरी हाक मारायचाच नाय."